काही तक्रार नाही

मृणाल रामटेकेच्या वर्गात येणारी माणसं बहुतेक हाँगकाँगहून आलेली होती. इंग्लंडमधल्या रीडिंग शहरात, अर्ली भागाच्या बाजूला, एका चर्चच्या मागच्या हॉलमध्ये मंगळवारी आणि गुरुवारी सकाळी हा वर्ग भरायचा. मुलगा किंवा मुलगी व्हिसावर इकडे आली, मागोमाग आईवडील आले, आणि साठी उलटल्यावर बसमध्ये, दुकानात, डॉक्टरकडे परक्या भाषेत तोंड उघडायची पाळी आली, अशी ती मंडळी. हॉलमधलं हीटिंग कधीच वेळेवर सुरू होत नसे. पहिला अर्धा तास सगळे कोट घालूनच बसत आणि थर्मासमधलं गरम पाणी एकमेकांना देत.

मृणालचं दुसरं कामही अशाच माणसांसाठी होतं. चिनी भाषकांना इंग्रजी शिकवणाऱ्या एका ॲपसाठी ती दर आठवड्याला एका इंग्रजी नामावर टिपण लिहायची. त्या नामाचे अर्थ काय, ते मोजता येतं की नाही, त्याच्याबरोबर कोणतं क्रियापद येतं, चिनी बोलणारा माणूस हमखास कुठे अडखळतो. तिचं टिपण लेस्टरला राहणारी वेई नावाची सहकारी चिनीत उतरवायची. दोघींची गाठ क्वचित पडे, पण फोनवर एकेका शब्दावरून लांबलचक गप्पा होत, आणि मृणालला आठवड्यातलं ते बोलणं सगळ्यात आवडायचं.

त्या शरद ऋतूत तिने 'कम्प्लेंट' हा शब्द निवडला. निवडायला कारण होतं. तिचे वडील दीनानाथ नागपूरला पोस्टात कारकून होते आणि संध्याकाळी घराच्या ओट्यावर बसून वस्तीतल्या लोकांचे तक्रार अर्ज लिहून द्यायचे. नळाला पाणी नाही, रेशन दुकानदार मापात मारतो, शाळेत पोरांना मागे बसवतात. लोक घाबरायचे, साहेब रागावतील म्हणायचे. वडील सांगायचे, तक्रार म्हणजे भांडण नाही, तक्रार म्हणजे आम्ही इथे आहोत एवढं सांगणं. लहानपणी शाईची बाटली धरून शेजारी बसलेल्या मृणालच्या मनात तो शब्द तेव्हापासून मोठा होऊन बसला होता. आपल्या वर्गातली माणसं घरमालकासमोर, बसच्या ड्रायव्हरसमोर, कौन्सिलच्या खिडकीसमोर मान खाली घालून परत येतात हे ती बघत होती. म्हणून तिने ते टिपण जीव ओतून लिहिलं. तक्रार करणं हा हक्क आहे, त्यात लाजण्यासारखं काही नाही, इंग्रजीत ती शांतपणे आणि सभ्य शब्दांत कशी करायची, याची तिने सहा वाक्यं दिली.

वेईने फोनवर विचारलं होतं, की आजारपणासाठीही हा शब्द वापरतात ना, तो अर्थ घालायचा का? आमच्याकडे दोन्हींसाठी एकच शब्द नाही. थाउसोउ म्हणजे कोणाविरुद्ध केलेली तक्रार, आणि दुखण्याला म्हणायचं बेंग. मृणालने चहाचा घोट घेत उत्तर दिलं, की तो वापर आता जुना झाला आणि तो आपोआप कळतो, त्याने टिपण उगाच लांबेल. वेई म्हणाली बरं. मग दोघी पुढच्या मुद्द्याकडे वळल्या.

वर्गातही मृणालने तो शब्द घेतला. एकेकाला उभं करून हॉलच्या थंडीबद्दल तक्रार करायला लावली. बायका हसून हसून बेजार झाल्या. मिस्टर लाउंची पाळी आली तेव्हा ते उठून उभे राहिले. सत्तरीला टेकलेला, बारीक अंगाचा, इस्त्रीच्या शर्टातला हा माणूस हाँगकाँगमध्ये जन्मभर लिफ्ट दुरुस्त करत होता. बायको तिकडेच वारली. जावई अजून तिकडे नोकरीवर होता, आणि इथे ते मुलगी कॅरन आणि शाळेत जाणाऱ्या नातीबरोबर राहत. त्यांनी मृणालने शिकवलेलं वाक्य एकही चूक न करता म्हटलं, आणि मग खाली न बसता म्हणाले, की टीचर, हे वाक्य मी शिकलो, पण वापरणार नाही. या देशाने आम्हाला घरात घेतलं. पाहुणा कधी भाजीत मीठ कमी आहे म्हणत नाही.

मृणालने वाद घातला. तुम्ही पाहुणे नाही, तुमची मुलगी टॅक्स भरते, तुमची नात इथे शिकते. मिस्टर लाउंनी मान तुकवून सगळं ऐकून घेतलं आणि बसले. त्यानंतर मात्र तो शब्द त्यांना चिकटला. कसे आहात म्हणून विचारलं, की ते बोट वर करून म्हणायचे, "नो कम्प्लेंट." वर्ग हसायचा. मृणाललाही गंमत वाटायची. इंग्रज माणूस अगदी असंच म्हणतो, असं सांगून तिने एकदा सगळ्यांसमोर त्यांचं कौतुकही केलं होतं.

फेब्रुवारीत शाळांच्या हाफ टर्मच्या आठवडाभराच्या सुट्टीनंतर मिस्टर लाउ वर्गाला आले नाहीत. पुढच्या वेळीही आले नाहीत. नातीला सर्दी झाली असेल, असं कोणीतरी म्हणालं. मृणालने फोन करायचं ठरवलं आणि कामाच्या धबडग्यात राहून गेलं.

एका गुरुवारी वर्ग सुटल्यावर ती खुर्च्या एकावर एक रचत असताना दारातून कॅरन आत आली. तिच्या दंडाला धरून मिस्टर लाउ होते. त्यांच्या डाव्या डोळ्यावर प्लास्टिकची पारदर्शक ढाल चिकटपट्टीने लावलेली होती आणि ते पायाखाली बघत जपून चालत होते. मृणालने दोन खुर्च्या परत खाली काढल्या.

जे झालं ते कॅरनने सांगितलं, सरळ, कोरड्या आवाजात, ऑफिसात आकडे सांगावेत तसं. सुट्टीतल्या रविवारी संध्याकाळी वडिलांचं डोकं आणि डोळा दुखायला लागला. दिव्याभोवती इंद्रधनुष्यासारखी वलयं दिसत होती, उलटीही झाली. कॅरनला ट्रेनिंगसाठी दुसऱ्या दिवशी पहाटेच ट्रेनने लीड्सला जायचं होतं, म्हणून त्यांनी तिला फक्त डोकं दुखतंय एवढंच सांगितलं. सोमवारी सकाळी नातीला शेजारणीकडे ठेवून ते एकटे चालत जीपीच्या, म्हणजे नेहमीच्या डॉक्टरच्या, दवाखान्यात गेले. काउंटरवरच्या बाईने काहीतरी विचारलं, त्यांनी उत्तर दिलं, आणि तिने त्यांना पुढच्या आठवड्यात नर्सची वेळ दिली. ते घरी येऊन गोळी घेऊन पडदे ओढून पडून राहिले. बुधवारी कॅरन परत आली तेव्हा डोळा लालभडक होता आणि आतली बाहुली धुरकट झाली होती. ती त्यांना टॅक्सीत घालून मोठ्या हॉस्पिटलमध्ये डोळ्यांच्या इमर्जन्सीत घेऊन गेली. डोळ्यातलं पाणी बाहेर पडायची वाट अचानक बंद होऊन आत दाब वाढतो, असं डॉक्टरांनी समजावलं. आमच्याकडच्या म्हाताऱ्यांमध्ये हे जास्त होतं म्हणे, कॅरन म्हणाली. त्याच दिवशी आले असते तर नजर वाचली असती. दुसऱ्या डोळ्याला तसं होऊ नये म्हणून त्यांनी लेझर केलं आहे. डावा डोळा गेला.

मृणालने मिस्टर लाउंकडे पाहिलं. ते मांडीवर हात ठेवून ऐकत होते, कोणा तिसऱ्याची गोष्ट असावी तसे.

"काउंटरवर काय विचारलं होतं तुम्हाला?" तिने विचारलं.

ते एकेक शब्द जुळवत म्हणाले, "बाईने विचारलं, टुडे, व्हॉट्स द कम्प्लेंट? मी म्हटलं, नो कम्प्लेंट. एव्हरीबडी व्हेरी गुड. मला वाटलं, त्या विचारतायत की आमच्यावर काही राग आहे का. माझा कोणावर राग नव्हता, टीचर."

हॉलमध्ये आता कुठे हीटिंगच्या पाइपांतून गरम पाणी खुळखुळायला लागलं होतं.

कॅरन पुढे बोलत होती. तिला दवाखान्याविरुद्ध तक्रार करायची होती. म्हाताऱ्या माणसाला इंग्रजी येत नाही हे दिसत असताना दुभाषी का नाही बोलावला, नीट का नाही विचारलं. तिचं ऑफिसातलं इंग्रजी चांगलं होतं, पण हे लिहायला योग्य भाषा हवी, आणि ती तुम्हीच शिकवता, बाबा सांगत होते, असं ती म्हणाली. शनिवारी घरी याल का? मृणाल हो म्हणाली. त्या क्षणी दुसरं काहीच सुचलं नाही. निघताना मिस्टर लाउंनी नेहमीसारखं झुकून थँक यू टीचर म्हटलं, आणि दाराच्या चौकटीला त्यांचा डावा खांदा आपटला.

त्या दिवशी बसमध्ये बसल्यावर तिला आधी रागच आला, काउंटरवरच्या त्या बाईचा. मग तो राग ओसरला आणि खाली जे होतं ते दिसायला लागलं. तो शब्द त्या बाईने अगदी बरोबर वापरला होता. मिस्टर लाउंनीही बरोबरच वापरला होता, मृणालने शिकवला तसा.

संध्याकाळी जेवताना तिने सगळं सांगितलं. मिलिंद, तिचा नवरा, ग्रीन पार्क या ऑफिसांच्या संकुलातल्या एका आयटी कंपनीत होता. तो ऐकताना भात कालवायचा थांबला. सिया, त्यांची पंधरा वर्षांची मुलगी, फोन उलटा ठेवून ऐकत होती. मृणालने टिपणाचं, वेईच्या प्रश्नाचं आणि आपण दिलेल्या उत्तराचंही सांगितलं.

"पण आई, मला पण माहीत नव्हता हा मीनिंग," सिया म्हणाली. "म्हणजे इंग्लिशमध्ये. फक्त आजी म्हणते ना फोनवर, माझा गुडघ्याचा तक्रार वाढला आहे."

गुडघ्याची, मृणाल सवयीने म्हणणार होती, पण थांबली. शांताबाई, तिची आई, दर रविवारी नागपूरहून फोनवर जयभीम झाल्याबरोबर गुडघ्याच्या तक्रारीवर यायची. पोटाची तक्रार, झोपेची तक्रार, शेजारच्या सोसायटीची तक्रार. एकाच श्वासात, एकाच शब्दात. मराठीत दोन्ही अर्थ एकत्र नांदतात, म्हणून त्या दोहोंमध्ये भिंत असू शकते हे तिच्या ध्यानातच आलं नव्हतं. वेईने ती भिंत दाखवली होती, तरी तिला दिसली नाही. आणि वडिलांच्या त्या मोठ्या अर्थावर तिचा एवढा जीव होता, की गुडघेदुखीचा बारका अर्थ तिने हाताने बाजूला सारला होता.

मिलिंदने जेवण संपेपर्यंत वाट पाहिली. सिया वर गेल्यावर तो म्हणाला, "तू त्यांना लिहून दे. चांगलं लिहून दे. पण त्यात स्वतःला घालू नकोस."

"मी आहेच ना त्यात."

"मृणाल, दवाखान्यात काम करणाऱ्या माणसाने डोळे उघडून बघायला नको का? त्यांनी दुभाषी द्यायला हवा होता. एक शब्द कोणाचा डोळा घेत नाही. आणि तू हे बोललीस, की तो दवाखाना काय म्हणेल? म्हणेल, टीचरचीच चूक होती. म्हणजे त्या म्हाताऱ्याचीच केस बुडेल."

तो खोटं बोलत नव्हता. ती भांडी घासत राहिली आणि तो टॉवेलने पुसत राहिला. आपण गप्प राहावं यासाठी जगात इतकी चांगली कारणं असावीत, याचंच तिला वाईट वाटत होतं.

शनिवारी ती लाउंच्या घरी गेली. विटांच्या एकसारख्या घरांची रांग, त्यातलं टोकाचं. नात वरच्या खोलीत कुठलंसं वाद्य वाजवत होती, सारखी एकाच ठिकाणी चुकत होती. मिस्टर लाउंनी स्वतः चहा केला. कप भरताना ते बोट कडेला लावून अंदाज घेत होते. मग ते खिडकीशी जाऊन बसले आणि म्हणाले, की त्यांना ही तक्रार नको आहे, पण मुलीला हवी आहे, म्हणून ते मध्ये पडणार नाहीत.

कॅरनने लॅपटॉप उघडला. तारखा, वेळा, हॉस्पिटलने काय सांगितलं, ते सगळं ती पटापट सांगत गेली आणि मृणाल वाक्यं करत गेली. हे काम तिला येत होतं. राग न दाखवता ठाम कसं राहायचं, मागणी कुठे घालायची. ओट्यावरचे वडील तिच्या बोटांत होते. मग सोमवारच्या काउंटरचा परिच्छेद आला. कॅरन म्हणाली, लिहा, माझ्या वडिलांना प्रश्न समजला नाही कारण त्यांना इंग्रजी पुरेसं येत नाही.

मृणालचे हात थांबले. वर ते वाद्य पुन्हा त्याच ठिकाणी अडखळलं.

"त्यांना तो शब्द येत होता," ती म्हणाली. "मी शिकवला होता. अर्धाच शिकवला."

कॅरनने मान वर केली. मृणालने सगळं सांगितलं, काही न वगळता. टिपण, वर्ग, नो कम्प्लेंटचं कौतुक, वेईचा प्रश्न. सांगताना ती कॅरनच्या हातांकडे बघत होती, कारण चेहऱ्याकडे बघवत नव्हतं.

"तुम्हाला दुसरा अर्थ माहीत होता?" कॅरनने विचारलं.

"हो."

"कोणीतरी आठवणही करून दिली होती."

"हो."

"मग का नाही लिहिला?"

मृणालने सांगायचा प्रयत्न केला, की आमच्या भाषेत दोन्हींना एकच शब्द आहे, म्हणून मला वाटलं सगळ्यांनाच कळेल. बोलता बोलताच तिला ते किती तोकडं आहे हे कळत होतं. चिनी माणसांना शिकवायचं काम घेतलेल्या बाईने आपल्याच घरात उभं राहून जगाकडे बघितलं होतं, एवढाच त्याचा अर्थ होता.

कॅरन कँटोनीजमध्ये वडिलांशी बोलली, हळू, लांब वाक्यांत. मिस्टर लाउंनी खिडकीकडचा चेहरा वळवला नाही. एकदाच त्यांनी दोन-तीन शब्दांत उत्तर दिलं. कॅरन मृणालकडे वळली.

"बाबा रोज नातीला शाळेत सोडायला जाताना तुमची वाक्यं म्हणत जायचे," ती म्हणाली. "मोठ्याने. मी हसायचे त्यांना." ती थांबली. "तुम्ही आता जा. हे मी पुरं करीन."

"मी सांगितलं ते यात लिहा," मृणाल म्हणाली. "माझं नाव घाला. त्यांनी मला विचारलं तर मी सांगेन."

कॅरन लॅपटॉपकडे वळली. दारापर्यंत सोडायलाही कोणी आलं नाही. रस्त्यावर आल्यावर मृणालच्या लक्षात आलं, की चहाचा कप तसाच भरलेला राहिला आहे.

सोमवारी तिने ॲपच्या मॅनेजरला फोन केला. त्याने ऐकून घेतलं, वाईट वाटल्याचं सांगितलं, आणि आजाराचा अर्थ लगेच घालू म्हणाला. मृणालचं म्हणणं होतं, की ज्यांनी जुनं टिपण वाचलं आहे त्या सगळ्यांना वेगळा निरोप जायला हवा, आधी काय राहिलं होतं ते स्पष्ट सांगून. त्याला मॅनेजर तयार नव्हता. असं लिहिलं, की वकील मध्ये येतात, तो म्हणाला. दोन आठवडे फोन आणि मेल झाले. शेवटी एक ओळ गेली, की हे टिपण सुधारलं आहे. ती किती जणांनी वाचली असेल, देव जाणे.

वेईला सांगणं त्याहून कठीण गेलं. मृणालला वाटलं होतं, ती म्हणेल मी विचारलं होतं. पण वेई म्हणाली, मी आणखी एकदा विचारायला हवं होतं. मला तुझं इंग्रजी माझ्यापेक्षा मोठं वाटायचं. त्यानंतर त्यांच्या लांब गप्पा पूर्वीसारख्या झाल्या नाहीत. वेई आता प्रत्येक टिपणावर प्रश्नांची माळ लावायची आणि मृणाल प्रत्येकाला उत्तर द्यायची, पण त्यात हसणं नसायचं.

लिहिणंही पूर्वीसारखं राहिलं नाही. 'डिस्चार्ज' घेतला तर त्यात हॉस्पिटलमधून घरी सोडणं होतं आणि जखमेतून वाहणारा पू होता. 'चार्ज' घेतला तर त्यात पैसे होते, वीज होती, पोलिसांचा आरोप होता. प्रत्येक नामाआड एखादं काउंटर उभं दिसायचं, पलीकडे घाईतली बाई आणि अलीकडे म्हातारं माणूस. टिपणं लांबत गेली. मॅनेजर ती कापून परत पाठवायचा, आणि कापलेलं परत घालायला ती भांडायची. मिलिंद म्हणायचा, सोड हे काम. सोडलं असतं तर बरं वाटलं असतं, आणि म्हणूनच तिने सोडलं नाही.

वर्गात तिने तो शब्द पुन्हा घेतला होता, त्या शनिवारनंतरच्या पहिल्याच मंगळवारी. मिस्टर लाउंचं नाव न घेता जे झालं ते सांगितलं. सगळ्यांना कोणाबद्दल ते माहीत होतं. आपण काय राहू दिलं तेही तिने सांगितलं. पुढच्या आठवड्यात दोन बायका आल्या नाहीत, आणि त्या का आल्या नाहीत हे तिने कोणाला विचारलं नाही.

दवाखान्याचं उत्तर यायला वसंत उजाडला. ते कॅरनने पाठवलं नाही, वर्गातल्या एकीकडून कळलं. दवाखान्याने माफी मागितली होती. यापुढे काउंटरवर प्रश्न सोप्या शब्दांत विचारू, भाषेची अडचण दिसली तर फोनवरचा दुभाषी जोडू, असं कळवलं होतं. काउंटरवरच्या त्या बाईला त्या सकाळचं नक्की काही आठवत नव्हतं. टीचरबद्दल त्यात काही होतं का, हे सांगणारीला ठाऊक नव्हतं. मृणालला कोणीही काही विचारायला आलं नाही.

मेच्या सुरुवातीला मिस्टर लाउ वर्गात परत आले. ढाल निघाली होती. डोळा तिथेच होता, पण त्यात काही हलत नव्हतं. ते भिंतीला लागून डावीकडच्या टोकाला बसले, म्हणजे फळा उजव्या डोळ्याला पुरा दिसावा. मृणालने कसे आहात म्हणून विचारलं. ते थोडं थांबले आणि म्हणाले, "ओके."

वर्ग संपल्यावर ते रेंगाळले. बाकीचे गेले. मृणाल फळा पुसत होती, आणि ते मागे उभे आहेत हे तिला कळत होतं. तिने डस्टर खाली ठेवलं आणि वळून सरळ माफी मागितली. त्या शनिवारी तिने कॅरनपाशी सगळं कबूल केलं होतं, पण त्यांची अशी माफी मागितली नव्हती, हे तिला मधल्या महिन्यांत सारखं टोचत होतं.

त्यांनी हात वर करून तिला थांबवलं. मग त्यांनी वाक्यं घरून जुळवून आणल्यासारखी एकामागून एक सांगितली.

"टीचर, एक गोष्ट कॅरनला माहीत नाही. पहिल्यांदा बाईने विचारलं, कम्प्लेंट. मी चुकीचं समजलो. पण दुसऱ्यांदा तिने माझ्या डोळ्याकडे बोट केलं. युवर आय, इज इट ओके? तेव्हा मला समजलं. माझ्यामागे लाइन होती. एक बाई बाळ घेऊन उभी होती. मी म्हटलं, आय ओके, आय ओके. आणि बाहेर आलो."

"तुम्हाला समजलं होतं?"

"समजलं होतं."

मृणालने त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. चांगल्या डोळ्यात काही वाचता येतंय का ते ती शोधत होती. हे खरं असेल, तर दोष तिच्या एकटीचा नव्हता, आणि कदाचित तो डोळा तिच्या शब्दाने गेलाच नव्हता. पण हा माणूस मिठाबद्दल न बोलणारा होता. समोरच्याची मान खाली जाऊ नये म्हणून स्वतःकडे दोष घेणं त्याच्या रक्तात होतं. आणि काउंटरवरच्या बाईला तर काहीच आठवत नव्हतं.

"हे तुम्ही मला बरं वाटावं म्हणून सांगताय का?" असं तिच्या ओठांवर आलं होतं. ती विचारू शकली असती, पण तिने विचारलं नाही. विचारलं असतं तर ते नाहीच म्हणाले असते, आणि ते नाही कोणत्या अर्थाचं आहे हे तिला कधीच कळलं नसतं.

"मग कॅरनला का नाही सांगितलं?" तिने एवढंच विचारलं.

मिस्टर लाउ कोटाची बटणं लावत होते. त्यातलं एक चुकीच्या काजात गेलं होतं. "ती माझ्यासाठी भांडली," ते म्हणाले. "पहिल्यांदाच कोणीतरी माझ्यासाठी असं भांडलं. ते मला मोडायचं नव्हतं."

ते दोघे हॉलबाहेर आले. उन्हं पडली होती. कॅरन रस्त्याच्या कडेला गाडी लावून बसली होती, काच खाली होती. मिस्टर लाउ जपून पायऱ्या उतरले. शेवटच्या पायरीवर त्यांचा पाय अंदाज घेत हवेत थांबला, तशी मृणालने पुढे होऊन त्यांच्या कोपराला हात दिला. त्यांनी तो घेतला, गाडीपर्यंत घेतला. मृणालने कॅरनला हॅलो म्हटलं. कॅरनने वडिलांसाठी आतून दार उघडलं, पट्टा लावून दिला, आरशात मागची वाहतूक पाहिली, आणि मृणालकडे न बघता गाडी सुरू केली.